पुणेरी मराठी

पुणे शहरात, मुख्यतः मुठेच्या उजव्या तीरावरील जुन्या पेठांत, एकोणिसाव्या शतकात घडलेले आणि पुढे लेखन, शिक्षण व राज्यकारभार यांसाठी प्रमाण मानले गेलेले मराठीचे रूप. २०११ च्या जनगणनेत सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही आपली मातृभाषा नोंदवली. त्यांपैकी घरात पुणेरी मराठी बोलणारे थोडे, शाळेत ती वाचणारे मात्र जवळपास सगळेच. या रूपाला मान मिळाला तो गोडव्यामुळे किंवा जुनेपणामुळे नव्हे. दरबार, छापखाना, शाळा आणि लेखनाचे नियम एकामागून एक याच गावाशी जोडले गेले, हे त्याचे कारण.

पेशवाईपूर्वी पुणे हा कसबा होता. बाजीराव पहिले यांनी १७३० मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली आणि मराठी सत्तेचा कारभार पुण्यातून चालू लागला. पेशव्यांचे भट घराणे श्रीवर्धनचे, म्हणजे कोकणातले. त्यांच्या मागोमाग कोकणस्थ कुटुंबे घाट चढून आली. या मंडळींची घरची बोली चित्पावनी होती. देशावरच्या मराठीपेक्षा ती कोकणीला जवळची. पुण्यात काही पिढ्यांत ती बोलण्यातून गेली. रत्नागिरीच्या काही भागांत, गोव्यात आणि दक्षिण कानडा जिल्ह्यात टिकली. पुण्यात आलेल्यांनी देशावरची बोली उचलली, तीत दफ्तरातली फारसीमिश्रित मोडी मराठी मिसळली आणि वर शास्त्र्यांच्या संस्कृताचा हात फिरला. पुढे ज्या घरांतले बोलणे ‘शुद्ध’ म्हणून नावाजले गेले, त्यांतल्या अनेकांच्या पूर्वजांनी ती भाषा शिकून घेतलेली होती. शुद्धतेचा आग्रह पुण्यात इतका का मुरला, याचे एक उत्तर इथे सापडावे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली, पण पुण्याचे भाषिक वजन वाढत गेले. मराठीचे पहिले छापील व्याकरण पुण्याचे नाही, मुंबईचेही नाही. विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या मदतीने ते १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरला छापले. १८२१ मध्ये पुण्यातील विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. डेक्कन कॉलेजचे मूळ तिच्यात आहे. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. या कोशाच्या कामात सहभागी असलेले टॉमस कँडी पुढे पुण्याच्या पाठशाळेचे प्रमुख झाले. सरकारी पाठ्यपुस्तकांच्या मराठीवर त्यांची नजर अनेक वर्षे होती. मराठी छपाईत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ चे, मुंबईतले. प्रमाण मराठीची पहिली आखणी अशी एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या टेबलावर आणि मुंबईच्या छापखान्यात झाली. पुण्याने ती आपलीशी केली ती नंतर.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली, न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये आणि ‘केसरी’ १८८१ मध्ये. लांब, संस्कृतप्रचुर, वादाला आसुसलेले वाक्य चिपळूणकरांनी प्रतिष्ठित केले. ‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर यांनी ते तर्काला जुंपले. शाळामास्तर आणि वर्तमानपत्र या दोन वाटांनी ही भाषा खानदेशापासून सोलापुरापर्यंत गेली. लोकहितवादी व न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पहिली ग्रंथकारांची सभा १८७८ मध्ये पुण्यातच भरली. महाराष्ट्र साहित्य परिषदेची स्थापनाही १९०६ मध्ये पुण्यातच झाली.

याच शहरात, याच काळात जोतीराव फुले लिहीत होते. त्यांचा जन्म पुण्याचा, राहणे गंजपेठेतले. ‘गुलामगिरी’ (१८७३) आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ यांची भाषा बोलण्याच्या जवळची, सडेतोड, कुणब्याला वाचून दाखवता येईल अशी. चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त तिच्या व्याकरणाची टर उडवली. १८८५ च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण आले तेव्हा फुल्यांनी ते नाकारले आणि कारणे लेखी कळवली. जन्माच्या निकषावर फुल्यांची मराठी चिपळूणकरांच्या मराठीइतकीच पुण्याची. तरीही ‘पुणेरी’ या विशेषणात ती कोणी धरत नाही. या नोंदीचा विषय पूर्ण शहराची भाषा नसून शहराच्या काही पेठांची भाषा आहे, हे येथे नमूद करणे भाग आहे.

जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या मराठीवरील खंडाने (१९०५) पुण्याच्या रूपाला प्रमाण म्हणून स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर मराठी साहित्य महामंडळाचे १४ लेखननियम १९६२ मध्ये सरकारने मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. उच्चारात नसलेले अनुस्वार त्यांनी काढून टाकले. ‘नांव’, ‘कांहीं’ ही रूपे ‘नाव’, ‘काही’ अशी सुटसुटीत झाली. मात्र संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मुळाबरहुकूम ऱ्हस्व-दीर्घ लिहायचे, हा दंडक राहिला. शब्द संस्कृत आहे की नाही हे ठाऊक असल्याशिवाय तो पाळता येत नाही, आणि हे ठाऊक असणे सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. नियमांवरचा हा आक्षेप रास्त असून त्याला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. १९६७ पासून राज्याची पाठ्यपुस्तके ‘बालभारती’ पुण्यातूनच काढते.

बोलीभेद सर्वांत स्पष्ट दिसतो तो चालू क्रिया सांगताना. पुण्यात ‘काय करतोयस?’ असे विचारतात, कोल्हापुरात ‘काय करालायस?’, नांदेड-लातूरकडे ‘काय करायलास?’, नागपुरात ‘काय करून राहिला?’. पुणेरी उच्चारात ‘ण’ आणि ‘न’ वेगळे राहतात. देशावरच्या बहुतेक ग्रामीण बोलींत ‘पाणी’चे ‘पानी’ होते. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होऊन ‘डोळा’ हा ‘डोया’ ठरतो, आणि ‘मला’ऐवजी ‘मले’ येते. कोल्हापूरच्या बायका ‘मी आलो’ म्हणतात. पुण्यात स्त्रीने ‘मी आले’ म्हणावे अशी अपेक्षा असते. पुणेरी बोलणे आणि प्रमाण लेखन हेसुद्धा तंतोतंत एक नाहीत. बोलताना ‘केलं’, ‘झालं’. औपचारिक लेखनात ‘केले’, ‘झाले’. कोकणीचा मामला निराळा. ती मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद दीर्घकाळ चालला. १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश झाला. मालवणी आणि अहिराणी यांच्या वाट्याला असा निर्णय आलेला नाही. तमिळनाडूतील तंजावरी मराठी तर सतराव्या शतकातच वेगळ्या वाटेने गेली. तेथील राजा शहाजी याने मराठी रंगभूमीचे जनक मानले जाणारे विष्णुदास भावे यांच्या कितीतरी आधी मराठी नाटके लिहिली, आणि पुण्यातल्या शुद्धलेखनाचा त्या घरांशी काही संबंध आला नाही.

एका नगराची बोली देशभाषा होण्याचे जगातले ठळक उदाहरण म्हणजे फ्लॉरेन्स. दान्ते, पेत्रार्क आणि बोकाचो यांनी चौदाव्या शतकात तिथल्या बोलीत लिहिले. १५२५ मध्ये पिएत्रो बेम्बो यांनी त्यांतल्या पेत्रार्क व बोकाचो यांचे लेखन आदर्श ठरवले. १५८३ मध्ये स्थापन झालेल्या क्रुस्का अकादमीचा शब्दकोश १६१२ मध्ये निघाला. मिलानच्या मांझोनी यांनी तर आपली प्रसिद्ध कादंबरी छापून झाल्यावर फ्लॉरेन्सच्या बोलण्याबरहुकूम पुन्हा लिहून काढली. इतके होऊनही १८६१ मध्ये इटली एक झाली तेव्हा ही भाषा बोलू शकणारे, तुल्लिओ दे माउरो यांच्या अंदाजाने, शंभरात जेमतेम अडीच होते. इतर अभ्यासक हा आकडा दहाच्या आसपास नेतात. नेपल्स, व्हेनिस आणि सिसिलीत लोक आपापल्या बोलीत जगत होते. शाळा, लष्करी सेवा आणि १९५४ पासूनचे दूरचित्रवाणी प्रसारण यांनी इटालियन घरात आणली. साम्य उघड आहे, पण क्रम उलटा. फ्लॉरेन्सने आधी महाकाव्य दिले आणि राजधानीपण त्याला १८६५ ते १८७१ एवढेच लाभले. पुण्याला राजधानीपण आधी मिळाले. मराठीचे थोर प्राचीन ग्रंथ पुण्यात लिहिलेले नाहीत. ज्ञानेश्वरी प्रवरेकाठच्या नेवाशाची, महानुभावांचे गद्य रिद्धपूरच्या बाजूचे. पुण्याच्या मराठीपाठीशी दान्ते नाही, वर्तमानपत्र आहे.

सांस्कृतिक प्रभाव म्हणून नाटक आणि आकाशवाणी यांचा उल्लेख नेहमी होतो. खरे तर पुणेरी मराठीचा आपला असा साहित्यप्रकार म्हणजे पाटी. दारावर, दुकानात, जिन्यात लावलेला, पाहुण्याला चार शब्दांत जागा दाखवणारा मजकूर. पु. ल. देशपांडे यांनी पुणेकर, मुंबईकर आणि नागपूरकर यांची तुलना करून या स्वभावाला महाराष्ट्रभर प्रसिद्धी दिली. गंभीर साहित्यात मात्र प्रमाण भाषेबाहेरून आलेले लेखन अधिक टिकाऊ ठरले. व्यंकटेश माडगूळकर यांनी पुण्याच्या आकाशवाणीत नोकरी केली, पण ‘बनगरवाडी’ (१९५५) लिहिली ती माणदेशाची. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चा (१९६३) नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याच्या कॉलेजात येतो, आणि त्याच्या निवेदनाच्या भाषेत पेठी गद्याचा सारा डौल गळून पडतो. २०१६ च्या ‘सैराट’ने करमाळ्याकडची बोली शहरी चित्रपटगृहांत नेली. तोवर मराठी चित्रपटात अशा बोलीला बहुधा विनोदापुरतीच जागा असे.

बोलींची नोंद घेण्याचे कामही पुण्यात झाले. दाते व कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२–३८) प्रांतोप्रांतीचे शब्द नोंदवतो. डेक्कन कॉलेजचे अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात व त्यानंतर कुडाळी, काणकोणची कोकणी, कासरगोडची मराठी अशा बोलींवर एकेक ग्रंथ काढला. अलीकडे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी जिल्हावार प्रतिमांकनाचा प्रकल्प हाती घेतला. त्यात एकाच चित्राला किंवा प्रसंगाला गावोगावचे लोक काय म्हणतात ते ध्वनिमुद्रित होते.

सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठांत आता स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आणि खाणावळी दाटल्या आहेत. बीड, लातूर, बुलढाणा, जळगाव इथली मुले-मुली तिथे राहतात. लेखी परीक्षेत ती प्रमाण मराठी लिहितात. चहाच्या टपरीवर ‘कामून’, ‘काहून’ आणि ‘लई’ चालते.