शिसं गेलं, व्हॉल्व्ह राहिला: जुन्या ट्यून केलेल्या इंजिनाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह निवडताना

१ फेब्रुवारी २००० पासून देशभरात बिनशिशाचं पेट्रोल सक्तीचं झालं. सुरुवात १९९५ मध्ये चार महानगरांत झाली होती. आरोग्याच्या दृष्टीनं हे व्हायलाच हवं होतं. पण जुन्या इंजिनांचं एक औषधही त्याच दिवशी बंद झालं, आणि हेरिटेज गाड्यांच्या गप्पांत ही गोष्ट फारशी निघत नाही.

पेट्रोलमध्ये शिसं आलं ते नॉकिंग थांबवायला. डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिडग्लीनं हा शोध लावला. एक फायदा मात्र न मागता मिळाला: शिशाच्या क्षारांचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये बसायचा आणि कोरड्या वंगणासारखं काम करायचा. त्या भरवशावर कारखान्यांनी सीट थेट बिडाच्या हेडमध्येच कापली.

आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे जुन्या ॲम्बॅसडरचं १४८९ सीसी ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन. हे ब्रिटिश बीएमसीच्या बी-सिरीज घराण्यातलं, म्हणजे एमजीए आणि एमजीबीचं भावंडच. म्हणून ते ट्यून करायचा मोह जुना आहे: दोन कार्ब्युरेटर, वेगळा कॅमशाफ्ट, वाढवलेलं कॉम्प्रेशन. पण ५,००० फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला २,५०० वेळा सीटवर आपटतो. त्यातून या हेडमध्ये २ आणि ३ नंबरच्या सिलिंडरांचा एक्झॉस्ट पोर्ट एकच, त्यामुळे मधले दोन व्हॉल्व्ह जास्त तापतात. शिशाचा थर नसेल तर व्हॉल्व्ह आणि सीट सूक्ष्म प्रमाणात एकमेकांना चिकटतात, तुटतात, आणि सीट झिजत खाली जाते. टॅपेटचा गॅप आपोआप कमी होतो, व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि शेवटी जळतो.

मग घ्यायचा कुठला? धातूंचा इतिहास इथं उपयोगी पडतो. सुरुवातीच्या काळात सिलिकॉन-क्रोमियम पोलाद चालायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर २१-४ एन आलं: २१ टक्के क्रोमियम, ४ टक्के निकेल, शिवाय मँगनीज आणि नायट्रोजन. रस्त्यावर चालणाऱ्या ट्यून केलेल्या इंजिनाला हेच योग्य, असं माझं मत. निमोनिक ८०ए हा मिश्रधातू १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये जेट इंजिनांच्या पात्यांसाठी घडला. तो शर्यतीसाठी किंवा सुपरचार्जरसाठी राखून ठेवावा. पोकळ दांड्यात सोडियम भरलेले व्हॉल्व्ह सॅम हेरॉनच्या १९२० च्या दशकातल्या विमान-इंजिनांवरच्या कामातून आले. आपल्या इंजिनाला त्यांची गरज नाही. आणि असा जुना व्हॉल्व्ह हाती आलाच तर तो कापू नका. सोडियम पाण्याशी भडकतं.

दुकानात लोहचुंबक घेऊन जा. २१-४ एनच्या डोक्याला तो चिकटत नाही. दांडा चिकटला तर व्हॉल्व्ह दोन धातूंचा जोड आहे असं समजा. तो वाईटच असतो असं नाही, पण जोडाची जागा गाइडच्या आत राहते का ते विचारा. दांड्याचं टोक कडक केलेलं हवं, कारण २१-४ एन स्वतः उष्णोपचारानं तसं कडक होत नाही. दांड्यावर क्रोमचा मुलामा असावा, निदान गाइड तरी ब्राँझचा असावा.

पण नुसता व्हॉल्व्ह बदलून भागत नाही. व्हॉल्व्हची सुमारे तीन चतुर्थांश उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जाते. म्हणून कडक सीट इन्सर्ट बसवून घ्या. उद्यमबागेतल्या मशीन शॉपवाल्यांना हे काम नवं नाही. एक्झॉस्टची सीट साधारण दीड मिलिमीटर रुंद ठेवा. हौसेनं बारीक केली तर व्हॉल्व्ह तापतो. मोठ्या डोक्याचा व्हॉल्व्ह घातला तर दोन सीटांमधला बिडाचा पूल अरुंद होतो आणि तिथंच तडा जातो. तसं हेड आता कोणी ओतत नाही.

इन्सर्ट बसवला की गाडीचं अस्सलपण जातं, असं काही मंडळी म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या इंधनासाठी ती सीट कापली होती, ते इंधनच आज नाही. इन्सर्टचा बदल दुरुस्त करता येतो, फुटलेलं हेड परत येत नाही. मात्र एक करा: काढलेले व्हॉल्व्ह सिलिंडरचा नंबर लिहून डब्यात ठेवा, आणि नव्याचा धातू, माप, तारीख गाडीच्या वहीत नोंदवा. पुढच्या मालकासाठी तोच दस्तऐवज.