मॅमथ केव्हचा नकाशा: आठवणीपासून जीआयएसपर्यंत

जुने टेक्स्ट गेम ज्यांनी खेळलेत त्यांना ‘अ‍ॅडव्हेंचर’ नक्की आठवत असेल. चित्रं नाहीत, आवाज नाही. पडद्यावर दोन ओळींचं वर्णन येतं, आपण ‘पश्चिमेला जा’, ‘दिवा घे’ असं काहीतरी टाइप करायचं आणि हळूहळू एका गुहेत शिरायचं. विल क्राउदर नावाच्या प्रोग्रामरने हा खेळ १९७५-७६ च्या सुमारास फोरट्रानमध्ये, पीडीपी-१० वर लिहिला. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने तो वाढवला आणि मग तो जगभर पसरला.

खेळणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना माहीत नसतं की खेळातली गुहा बऱ्यापैकी खरी आहे. ती अमेरिकेतल्या केंटकी राज्यात आहे, आणि खेळ लिहायच्या कितीतरी आधी क्राउदर त्याच गुहांची मोजमापं संगणकात भरत होता. गंमत अशी की त्या मोजमापांचा इतिहास मला खेळापेक्षाही जास्त रंगतदार वाटतो. आजचा लेख त्यावर.

गुहा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अजिंठा-वेरूळ येतं, म्हणजे माणसाने कोरलेली लेणी. मॅमथ केव्ह तशी नाही. तिथे चुनखडीचे थर आहेत आणि वर वाळूच्या दगडाचं झाकण. पाण्याने लाखो वर्षं चुनखडी विरघळवली आणि एकाखाली एक असे बोगद्यांचे मजले तयार झाले. आजवर ४२६ मैलांपेक्षा जास्त, म्हणजे साधारण ६८६ कि.मी. लांबीचे मार्ग मोजून झालेत. जगातली ज्ञात असलेली सर्वांत लांब गुहा. शेवट अजून सापडलेला नाही.

हिचा पहिला गाजलेला नकाशा काढला स्टीफन बिशपने. हा बिशप गुलाम होता. १८३८ साली फ्रँकलिन गोरिन या वकिलाने गुहा विकत घेतली आणि साधारण सतरा वर्षांच्या स्टीफनला गाईडच्या कामाला लावलं. त्याच वर्षी स्टीफनने ‘बॉटमलेस पिट’ नावाची खोल विहीर पार केली, आणि तोवर जिथे गुहा संपली असं लोक धरून चालले होते तिथून पुढची गुहा उघडी झाली. १८३९ मध्ये लुईव्हिलच्या डॉ. जॉन क्रोगनने गुहा विकत घेतली, आणि गुहेबरोबर स्टीफनलाही! १८४२ साली क्रोगनच्या घरी बसून स्टीफनने गुहेचा नकाशा निव्वळ आठवणीतून काढला. १८४५ मध्ये तो एका पुस्तकात छापला गेला, आणि त्या काळात विशेष म्हणजे स्टीफनच्या नावासकट. कायद्याने जो माणूस स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता होता, त्याचं नाव मालकाच्या मालमत्तेच्या नकाशावर! १८५६ मध्ये त्याला स्वातंत्र्य मिळालं आणि पुढच्याच वर्षी तो वारला.

हा नकाशा पुढे कित्येक दशकं वापरात होता. कुठला रस्ता कुठे फुटतो, कुठे नदी लागते हे त्यात बरोबर आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर ग्राफ बरोबर आहे, कोऑर्डिनेट्स नाहीत. मुंबई लोकलच्या डब्यातला नकाशा असतो ना, तसं. दादरनंतर काय येतं ते कळतं, पण त्यावर पट्टी ठेवून अंतर काढता येत नाही.

मोजमापाचा नकाशा १९०८ मध्ये आला. मॅक्स केम्पर नावाचा तरुण जर्मन इंजिनिअर गुहा बघायला आला आणि महिनोन् महिने तिथेच राहिला. त्याचा गाईड होता एड बिशप, स्टीफनच्याच घराण्यातला. दोघांनी मिळून सुमारे ३५ मैल मोजले. नकाशा इतका चांगला झाला की मालकांच्या बाजूने तो दडवून ठेवण्यात आला. कारण उघड होतं. नकाशात स्पष्ट दिसत होतं की गुहेचे काही भाग मालकाच्या जमिनीच्या हद्दीबाहेर जातात. शेजाऱ्याला हे कळलं तर तो आपल्या शेतात दुसरं दार उघडणार, आणि तिकिटाचे पैसे त्याच्या खिशात जाणार.

ही भीती खोटी नव्हती. १९२१ मध्ये जॉर्ज मॉरिसनने सुरुंग लावून खरोखरच नवीन प्रवेशद्वार उघडलं. त्या काळात तिथल्या गुहामालकांमध्ये पर्यटक पळवण्यावरून अक्षरशः भांडणं चालायची. १९२५ मध्ये फ्लॉइड कॉलिन्स हा असंच नवं दार शोधताना सँड केव्हमध्ये अडकून मेला. मग ‘ग्रेट ऑनिक्स केव्ह’चा खटला आला. दार एडवर्ड्सच्या जमिनीत, पण शेजारी ली म्हणाला की गुहेचा काही भाग माझ्या जमिनीखाली आहे. आता हे ठरवणार कसं? आत जायची वाट तर एकच, आणि ती एडवर्ड्सच्या ताब्यात. १९२९ मध्ये केंटकीच्या वरिष्ठ न्यायालयाने सर्व्हे करायचा आदेश कायम ठेवला. सर्व्हेअर आत गेले, लीचं म्हणणं खरं निघालं, आणि १९३६ च्या निकालात लीच्या वारसांना नफ्यात वाटा मिळाला. होकायंत्र आणि फीत घेऊन रांगत गेलेल्या माणसांच्या आकड्यांवर हा पैसा ठरला.

१९४१ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं. १९५७ मध्ये केव्ह रिसर्च फाउंडेशन (सीआरएफ) स्थापन झालं आणि हौशी लोकांनी शेजारच्या फ्लिंट रिजखालच्या गुहा शिस्तीत मोजायला घेतल्या. मोजायची पद्धत अगदी साधी आहे. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत टेप ताणायची आणि तीन आकडे लिहायचे: अंतर, होकायंत्रावरची दिशा आणि वर-खाली चढउताराचा कोन. शिवाय डावी-उजवी भिंत, छत आणि जमीन किती लांब ते. चिखलात बरबटलेल्या वहीत पेन्सिलने.

त्या तीन आकड्यांचं पुढे काय होतं? समजा अंतर १२ मीटर, दिशा ६० अंश, आणि कोन ३० अंश खाली. मग आडवं अंतर १२ × कॉस ३० = १०.४ मीटर. त्याचे दोन तुकडे: पूर्वेला ९, उत्तरेला ५.२. आणि खाली ६ मीटर. झालं, नवीन बिंदूचे एक्स, वाय, झेड मिळाले. दहावीची त्रिकोणमिती. फक्त हे हजारो वेळा करायचं, आणि मध्ये एक आकडा चुकला की पुढचं सगळं सरकलं.

इथे क्राउदर दांपत्य येतं. विल बोस्टनजवळच्या बीबीएन कंपनीत अर्पानेटच्या राउटरांचं, म्हणजे आयएमपीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीममध्ये होता. बायको पॅट्रिशियाही प्रोग्रामर, आणि दोघंही पट्टीचे केव्हर. त्यांनी घरी टेलिटाइप बसवून घेतला होता. वह्यांतले आकडे त्यावरून ऑफिसच्या पीडीपी-१ ला जायचे. उत्तरादाखल प्लॉटिंगच्या आज्ञा कागदी टेपच्या भल्यामोठ्या गुंडाळ्यांवर मिळायच्या. त्या दुसऱ्या इमारतीत न्यायच्या, तिथे एका हनीवेल संगणकाला कॅलकॉम्पचा ड्रम प्लॉटर जोडलेला होता, आणि हा हनीवेल पुढे आयएमपी व्हायचा होता. इंटरनेटच्या पूर्वजाच्या पाळण्यात गुहेचे नकाशे निघत होते म्हणा ना :-)

९ सप्टेंबर १९७२ रोजी जॉन विलकॉक्सच्या नेतृत्वाखाली सहा जण फ्लिंट रिजच्या बाजूने आत शिरले. त्यांत पॅट्रिशिया होती. आधीच्या महिन्यात, अतिशय चिंचोळ्या फटीपलीकडे, पीट हॅन्सन या जुन्या गाईडने कोरलेलं नाव आणि बाण त्यांना सापडला होता. हॅन्सन मॅमथच्या बाजूचा माणूस! म्हणजे तो तिकडूनच आलेला असणार. बाणाच्या रोखाने, पाण्यातून जात जात, शेवटी विलकॉक्सला अंधारात लोखंडी कठडा दिसला. पर्यटकांच्या वाटेचा. दोन गुहा एक झाल्या आणि लांबी १४४.४ मैल (२३२ कि.मी.) झाली.

पुढे क्राउदर दांपत्याचा घटस्फोट झाला. विलने गुहांत जाणं कमी केलं, आणि मुलींना खेळता यावं म्हणून गुहेचा खेळ लिहिला, ज्यात फ्लिंट रिजमधल्या बेडक्विल्ट भागाची रचना जशीच्या तशी उतरली. तोच तो अ‍ॅडव्हेंचर. असो.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. नकाशा हे चित्र राहिलं नाही, तो डेटापासून दरवेळी नव्याने तयार होणारा आउटपुट झाला. याचा सर्वांत मोठा फायदा लूपमध्ये दिसतो. समजा एका बोगद्याने गेलो आणि दुसऱ्याने फिरून त्याच खुणेवर आलो. हिशोबाने दोन्ही वाटांनी एकच उत्तर यायला पाहिजे. येत कधीच नाही. शंभर मीटरच्या लूपमध्ये मीटरभराचा फरक सहज पडतो. हा फरक सगळ्या मापांवर वाटून टाकायचा, पण एका लूपची बाजू दुसऱ्या लूपमध्येही असते, त्यामुळे एक दुरुस्त केला की दुसरा बिघडतो. म्हणून सगळे एकदम सोडवावे लागतात, लीस्ट स्क्वेअर्सने. हाताने हे करणं म्हणजे शिक्षाच. पण एक धोका आहे. कोणी २७ च्या जागी ७२ लिहिलं असेल, तर ती ढोबळ चूक गणित इमानदारीने चारी दिशांना पसरवतं. त्यामुळे चांगला प्रोग्राम आधी कुठला लूप संशयास्पद आहे ते सांगतो. मग वही उघडायची.

पर्सनल कॉम्प्युटर आल्यावर ही कामं सगळ्यांच्या आवाक्यात आली. लॅरी फिशचं कंपास, टेक्सासच्या डेव्हिड मॅकेंझीचं वॉल्स, केंब्रिजच्या केव्हरांचं सर्व्हेक्स, आणि स्लोव्हाकियाच्या दोघांचं थेरियन. शेवटची दोन ओपन सोर्स आहेत. २००८ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या बीट हीबने लेझर मीटरात होकायंत्र आणि कोनमापक बसवलं, त्याला डिस्टोएक्स म्हणतात. बटण दाबलं की तिन्ही आकडे तयार. आपल्याकडे मेघालयात १९९२ पासून देशी-परदेशी केव्हर शेकडो कि.मी. गुहा मोजत आहेत, तिथेही कामाचा गाभा हाच.

आता हा डेटा जीआयएसमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकाशावर आणायचा. इथे खरी गाठ पडते. गुहेत जीपीएस चालत नाही. त्यामुळे फक्त दाराशी एक अचूक बिंदू घ्यायचा आणि बाकी सगळी गुहा त्याला टांगायची. मग दोन भानगडी निघतात. पहिली, होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं आणि ती दरवर्षी सरकते. पूर्व अमेरिकेत गेल्या शतकात शून्य विचलनाची रेषा पश्चिमेकडे सरकत गेली आहे. त्यामुळे १९५८ ची वही आणि २००८ ची वही एकत्र करताना तारखेनुसार वेगळी दुरुस्ती लागते. एका अंशाची चूक म्हणजे किलोमीटरमागे १७ मीटर! म्हणजे वहीतली तारीख ही शोभेची नोंद नाही, तो एक इनपुट आहे. दुसरी भानगड डेटमची. जुने अमेरिकन नकाशे १९२७ च्या डेटमवर आहेत आणि नंतरचे १९८३ च्या. यूटीएममध्ये एकाच जागेच्या आकड्यांत तिथे सुमारे २०० मीटरचा फरक पडतो. कुठला डेटम ते लिहिलं नसेल, तर अख्खी गुहा शेजारच्या डोंगराखाली जाऊन बसते.

एवढा खटाटोप कशासाठी? पाण्यासाठी. चुनखडीच्या प्रदेशात पाणी मातीत गाळलं न जाता थेट बोगद्यात उतरतं. जवळच्या हॉर्स केव्ह गावाचं सांडपाणी गावाखालच्या हिडन रिव्हर केव्हमध्ये जात होतं. वासाने ती पर्यटनाची गुहा १९४३ मध्ये बंद पडली. जेम्स क्विनलन आणि सहकाऱ्यांनी पाण्यात रंग सोडून तो कुठल्या झऱ्यात बाहेर येतो ते तपासलं, आणि भूमिगत प्रवाहांची खोरी नकाशावर आणली. १९८९ मध्ये नवीन सांडपाणी प्रकल्प आला आणि १९९३ मध्ये गुहा परत उघडली. रस्ता, गटार, टँकर उलटायची जागा आणि त्याखालचा बोगदा, हे थर एकावर एक ठेवले की कुठल्या नाल्यात काय सांडलं तर कुठले जीव मरतील ते आधी कळतं. मॅमथमध्ये डोळे नसलेले मासे आणि झिंगे राहतात. त्यांना दुसरीकडे जायला जागा नाही.

आणि गुपितं अजूनही आहेत बरं का. १९८८ च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे सरकारी जमिनीवरच्या महत्त्वाच्या गुहांची ठिकाणं सहसा जाहीर करत नाहीत. केम्परचा नकाशा दडवला गेला मालकाच्या गल्ल्यासाठी. आता दाराचे कोऑर्डिनेट्स झाकले जातात ते गुहेत कोणी नासधूस करू नये म्हणून. डेटा लपवणं चांगलं की वाईट, हे शेवटी कोणासाठी लपवतोय त्यावर ठरतं.

मला यातून घेण्यासारखी गोष्ट वाटते ती कच्च्या आकड्यांची. पीडीपी-१ गेला, कागदी टेप गेली, प्लॉटर गेला. पण अंतर, दिशा, कोन आणि तारीख लिहिलेली वही जर शिल्लक असेल, तर तिच्यावरून आजही नवा, आधीपेक्षा चांगला नकाशा काढता येतो. जिथे वही नाही किंवा माप कच्चं आहे, तिथे परत रांगत जाऊन मोजावं लागतं, आणि सीआरएफचे लोक जुने मार्ग खरंच परत मोजतातही. बिल्ड हरवला तर चालतो, सोर्स हरवला तर नाही, हे आपल्या धंद्यातलं तत्त्व त्यांना चिखलात कळलं.

एकच नकाशा या हिशोबात बसत नाही, स्टीफन बिशपचा. त्याचा सोर्स त्याच्या डोक्यात होता आणि तो त्याच्याबरोबर गेला. तो कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये घालता येत नाही. पण पुढच्या सगळ्या मोजणाऱ्यांना आत कुठे जायचं हे ज्याने दाखवलं, त्याचं नाव नकाशावर छापलेलं राहिलं, हे बरं झालं.

या विकांताला एवढंच.