जामीनदार उंदीर

१८९६ साली मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे सगळा आळ उंदरावर. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने खातं तपासलं, तर मूळ नोंद पिसवेच्या नावावर! उंदीर बिचारा आधी स्वतःच मरायचा. त्याचं अंग गार पडलं की पिसवा नवं बिऱ्हाड शोधत माणसाकडे यायच्या. आम्हां बँकवाल्यांच्या भाषेत तो नुसता जामीनदार. कर्ज पिसवेचं, जप्ती याच्यावर! (लेप्टोचा दावा वेगळा, तिथे स्वारी गोत्यात आहे.) म्हणून पनवेलला आमच्या घरी विष नाही, पिंजरा. सापडला की पहाटे गाढी नदीकडे नेऊन सोडतो. वाटेत शेजारचे काका भेटतात. त्यांच्याही हातात पिंजरा असतो. फक्त ते आमच्या गल्लीकडे येत असतात.