पायगाडीतले हात

सायकल आपल्याकडे आली तेव्हा मराठीने तिच्यासाठी ‘पायगाडी’ हा शब्द घडवला. पायांनी चालवायची ती पायगाडी. शब्द नेटका आहे, आणि जुन्या लेखनात कुठे भेटला की आजही बरे वाटते. पण या शब्दाने एक गोष्ट नजरेआड केली, ती म्हणजे हात. युरोपातही याहून वेगळे घडले नव्हते. फ्रान्समध्ये १८६०च्या दशकात पॅडलची गाडी लोकप्रिय झाली, तिला ‘व्हेलॉसिपीड’ म्हणत. हे नाव ‘वेगवान’ आणि ‘पाय’ या अर्थांच्या दोन लॅटिन शब्दांच्या जोडणीतून आलेले. इंग्रजांनी लोखंडी धावेच्या त्याच गाडीला ‘बोनशेकर’, म्हणजे हाडे खिळखिळी करणारी, असे दुसरे नाव दिले. पायांचा गौरव झाला, हाडांची कुरकुर नोंदली गेली. हँडलवर तासन्‌तास टेकलेले तळवे मात्र नावांच्या या व्यवहारात कुठेच आले नाहीत.

हा विचार सुचला तो आंबेगाव तालुक्यातल्या शिनोलीत. मंचरहून घोडेगाव, शिनोली, डिंभे असा एक रस्ता भीमाशंकरकडे चढत जातो. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही पहाटे राजगुरुनगरहून सायकलींवर निघालो आणि या रस्त्याला लागलो. शिनोलीत चहाला थांबलो, तेव्हा आमच्यातील एकाच्या लक्षात आले की, पेला बाकीच्या बोटांना चटका देतो आहे आणि करंगळीला मात्र काहीच कळत नाही. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू जणू आपली नव्हतीच. हात झटकून झाले, चोळून झाले. मुंग्या आल्या, पण बोटांना जाग आली नाही. शर्टाचे बटण लावतानाही ती बोटे कामाला येईनात. एवढ्याशा गोष्टीने घाबरायचे ते काय, असे म्हणत आम्ही हसलो खरे. पण हसण्यात भीती होती, आणि त्या भीतीचे मूळ पुढे सांगायचे आहे.

आधी शरीराकडे पाहू. कोपर कशावर तरी आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हा अनुभव सर्वांचाच आहे. झिणझिण्या देणारा हा अल्नर मज्जातंतू. (बोलण्यात आपण ‘शीर दबली’ म्हणतो, पण दबतो तो बहुधा मज्जातंतूच.) कोपरामागून उतरून तो मनगटाशी, तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूला, दोन लहान हाडांमधल्या अरुंद वाटेने हातात शिरतो. ही वाट पॅरिसचे शल्यवैद्य फेलिक्स ग्युयाँ यांनी १८६१ साली वर्णिली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्यांची पुढची ख्याती मूत्रविकारांच्या क्षेत्रातली. मनगटातल्या या वाटेशी उद्या सायकलस्वारांचा संबंध येईल, हे त्यांच्या स्वप्नातही असण्याचे कारण नव्हते.

तो संबंध लवकरच आला. १८८५मध्ये इंग्लंडात स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली: दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी, म्हणजे आजच्या सायकलचाच आराखडा. १८८८मध्ये डनलॉप यांचा हवा भरलेला टायर आला. गाडी हलकी आणि वेगवान झाली, तसा वेगाचा नाद लागला. नाद लागला तशी पाठ वाकली आणि धडाचा भार तळव्यांवर उतरला. १८९६ साली लियाँचे डॉक्टर एत्येन देस्तो यांनी सायकलच्या वापरामुळे होणाऱ्या अल्नर मज्जातंतूच्या पक्षाघाताची नोंद प्रसिद्ध केली. दगडी फरसबंदीवरून धावणारी पॅरिस–रूबे ही शर्यत सुरू झाली तेही याच वर्षी. हा निव्वळ योगायोग. पण त्या फरसबंदीचे हादरे हँडलवाटे कुठे जाऊन पोचत असतील, याची कल्पना आता आम्हाला आहे.

या विकाराची एक लबाडीही सांगितली पाहिजे. तळव्यात शिरल्यावर या मज्जातंतूच्या दोन शाखा होतात. एक स्पर्शाची, दुसरी खोलवर जाऊन बोटे फाकवणाऱ्या आणि जुळवणाऱ्या स्नायूंना हलवणारी. दाब केवळ खोल शाखेवर पडला तर बधिरता येतच नाही. पकड तेवढी ढिली होते आणि माणूस तिला थकवा समजतो. फ्रेंच वैद्य झ्यूल फ्रोमाँ यांनी १९१५मध्ये सांगितलेली एक साधी परीक्षा आजही वापरतात. अंगठा सरळ ठेवून तो आणि तर्जनी यांच्यामध्ये कागद धरायचा आणि दुसऱ्याने तो ओढायचा. अंगठ्याचे पेर वाकवल्याशिवाय कागद धरून ठेवता आला नाही, तर अल्नर दुबळा झाल्याची शंका घ्यायची. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातले एक पान घेऊन आम्ही ही परीक्षा घरी केली. उत्तीर्ण झालो.

आता आपल्याकडे वळू. ज्या १८८८ साली डनलॉप यांचा टायर आला, त्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. सायकल शिकवण्याचे ते १५ रुपये घेत असे सांगतात. ही तेव्हा ऐपतदारांचीच चैन होती. सायकल सामान्यांच्या घरात आली ती स्वातंत्र्यानंतर, देशी कारखाने उभे राहिले तेव्हा: १९४९मध्ये मद्रासची टी. आय., १९५१मध्ये सोनिपतची अ‍ॅटलास, १९५६मध्ये लुधियानाची हिरो. या काळ्या सायकलची बांधणी आठवून पाहावी. हँडल सीटच्या बरोबरीने किंवा वरच, त्याच्या मुठी स्वाराकडे वळलेल्या, सीटखाली जाड स्प्रिंगा, पाठ ताठ. भार बुडाशी, हात केवळ दिशा देण्यापुरते. शाळामास्तर, पोस्टमन, ग्रामसेवक या सायकलवर आयुष्यभर फिरले आणि त्यांच्या आठवणींत पोटऱ्या, पंक्चर, समोरचा वारा, पोलिसाने अडवलेली बिनदिव्याची सायकल हे सगळे येते. बधिर करंगळी आमच्या तरी वाचनात आलेली नाही. याचे अर्धे श्रेय त्या हँडलला द्यायला हवे.

उरलेल्या अर्ध्याचे काय? कॅरिअरला दुधाच्या किटल्या अडकवून खडीच्या रस्त्याने रोज जाणारा गवळी हँडलची मूठ घट्टच आवळणार. त्याच्या हाताला मुंग्या आल्या नसतील, हे आम्हाला पटत नाही. आल्या असतील, पण त्याने त्या सांगितल्या नसतील. ‘बधिर’ हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत साधा नव्हता. कुष्ठरोग ज्या मज्जातंतूंना प्राधान्याने ग्रासतो त्यांत अल्नर अग्रभागी आहे. करंगळी आणि अनामिका बधिर होणे, मग ती वाकडी होणे, हा त्या रोगाचा ओळखीचा मार्ग. सरकारी भिंतींवर बधिर चट्ट्याविषयीच्या सूचना रंगवलेल्या असत. गावकुसाबाहेर काढलेली माणसे लोकांनी पाहिली होती. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली ती १९८१मध्ये. त्याआधीच्या माणसाने करंगळीला स्पर्श कळत नाही असे चारचौघांत म्हणणे म्हणजे स्वतःवर बालंट ओढवून घेणे होते. हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण आठवणींतले मौन हेही इतिहासाचे साधन मानायचे, तर या मौनाकडे असे पाहावे लागेल. शिनोलीच्या चहाच्या टेबलाशी आम्ही हसलो, त्या हसण्यातली भीती या मौनाचीच वारसदार होती.

नव्वदच्या दशकात सरळ दांड्याच्या सायकली खेड्यांत पोचल्या. मुलांना त्या आवडल्या, कारण त्यांवर वाकून बसता येत होते. पुढे गिअरच्या महागड्या सायकलींवरून शहरातली नोकरदार माणसे सुटीच्या दिवशी घाटाकडे येऊ लागली. आम्ही त्यांपैकीच. देस्तो यांनी लियाँमध्ये पाहिलेला आजार असा हौसेच्या वाटेने आमच्या हातांत आला. त्यावरचे उपाय आता सर्वज्ञात आहेत: दर दहा-पंधरा मिनिटांनी हातांची जागा बदलणे, मनगट मागे न मोडता सरळ ठेवणे, कोपर किंचित वाकवून हादरा त्यात जिरवणे, टायरमध्ये दगडासारखी हवा न भरणे, गादीचे हातमोजे घालणे. बधिरता उतरेना, किंवा अंगठा आणि तर्जनी यांमधला मांसल भाग खपाटीला जाऊ लागला, तर मात्र डॉक्टरकडे जावे. मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मानेतला दबलेला मज्जातंतू अशी निराळी कारणेही निघतात. अंगठ्याकडची बोटे बधिर होत असतील तर तो वेगळा, मीडियन मज्जातंतू.

त्या दिवशी आम्हाला यातले फारसे ठाऊक नव्हते. चहावाल्याच्या शेजारी सायकली आणि मोटारसायकली दुरुस्त करणारे एक वयस्क गृहस्थ बसले होते. हात झटकण्याचा आमचा प्रकार ते बघत असावेत. सायकलजवळ येऊन त्यांनी सीटवर तळवा ठेवला आणि म्हणाले, “सर, सीट पुढं कललीय. तुम्ही घसरताय आन्‌ सगळा भार हातावर घेताय.” पान्याने त्यांनी सीट सपाट केली, हँडल बोटभर वर उचलले, आम्हाला वर बसवून दोनदा पाहिले. नसेचे नाव त्यांनी घेतले नाही. त्यांना त्याची गरज पडली नाही. वीस रुपये घेतले. डिंभ्यापर्यंत हात तसाच मेल्यासारखा होता. करंगळीला पूर्ण जाग यायला नऊ दिवस लागले.