पोटाची साक्ष कितपत ग्राह्य धरायची?

राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यात विंझरला किंवा आसपासच्या कुठल्याही गावात लग्नाची पंगत बसली, की एखादा तरी पानावर हात आडवा धरतो. "वांगं नको, मला बाधतं." वाढपी पुढे सरकतो आणि पंक्तीत दोन मतं पडतात. जाणती माणसं म्हणतात, पोट कधी खोटं बोलत नाही. जे मानवत नाही ते शरीर आपणहून नाकारतं. तरुण पोरं हळूच म्हणतात, नखरे आहेत. पहिलं मत बहुमान्य आहे, आणि 'शरीराचं ऐका' असं सांगणाऱ्या आहारसल्लागारांनी अलीकडे त्याला नवी प्रतिष्ठाही दिली आहे. माझं भांडण मुख्यतः या पहिल्या मताशी आहे. दुसरं त्याहून चूक आहे, पण त्याला थोडक्यात उत्तर देता येईल.

पूर्वपक्षाचं बळ आधी मान्य करू. १९५५ साली जॉन गार्सिया या अमेरिकी शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी पाजत असतानाच गॅमा किरणांच्या माऱ्यात ठेवलं. किरणांनी उंदीर आजारी पडले, आणि पुढे त्या गोड पाण्याला तोंड लावीनात. १९६६ सालचा प्रयोग आणखी बोलका आहे. उंदरांना गोड पाणी दिलं आणि ते पिताना दिवा लागेल, आवाज होईल अशी व्यवस्था केली. ज्यांना आजारी पाडलं त्यांनी गोडी टाळली. ज्यांना विजेचा झटका दिला त्यांनी दिवा आणि आवाज टाळला. मळमळीचं खापर जिभेवरच्या चवीवर फुटतं, मधे बराच वेळ गेला तरी फुटतं, आणि त्यासाठी एकच प्रसंग पुरतो. त्या काळच्या मानसशास्त्राला हे इतकं अमान्य होतं की गार्सियाचे निबंध नामांकित नियतकालिकांनी परत पाठवले. पोटाला स्मरण असतं, हे जाणत्यांचं म्हणणं इथवर खरं आहे.

पण स्मरण असणं वेगळं आणि निवाडा बरोबर असणं वेगळं. पोट दोष कुणाला देतं? जो पदार्थ नवा, उग्र चवीचा किंवा क्वचित खाल्लेला असतो त्याला. रोजचं अन्न जवळजवळ नेहमीच सुटून जातं, कारण ते शेकडो वेळा खाऊनही काही झालेलं नसतं. विंझरचा सगळा पट्टा भाताचा. पंगतीचा भात सकाळीच मोठ्या पातेल्यांत शिजतो आणि दुपार उलटेपर्यंत झाकून राहतो. 'बॅसिलस सेरियस' या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि वांती करवणारं विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे उरलेल्या भाताला दुसऱ्या दिवशी खरपूस फोडणी दिली तरी ते तसंच राहतं. असा भात खाऊन रात्री वांत्या झालेला माणूस सकाळी काय म्हणतो? वांगं बाधलं, पनीर बाधलं, मठ्ठा बाधला. भात बाधला असं भातपट्ट्यात सहसा कुणी म्हणत नाही. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, असं आपण म्हणतो; इथे तोंड पोळलेला माणूस दूध पीतच राहतो आणि ताक कायमचं सोडतो.

आरोप साफ खोटा असला तरी शिसारी बसते, याचीही उदाहरणं आहेत. आयलीन बर्नस्टाइन यांनी १९७८ साली कर्करोगावरची औषधं घेणाऱ्या मुलांना उपचाराआधी अनोख्या चवीचं आइस्क्रीम दिलं. मळमळ औषधाने झाली, पण पुढे मुलं नको म्हणू लागली ते आइस्क्रीमला. आणि १९९५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला मिनेसोटातला अभ्यास पाहा. दूध अजिबात सोसत नाही असं सांगणाऱ्या ३० जणांना एक आठवडा साधं आणि एक आठवडा लॅक्टोज फोडलेलं दूध, रोज सुमारे २४० मिलिलिटर दिलं. कोणतं कधी, हे त्यांना कळू दिलं नाही. दोन्ही आठवड्यांत त्रास किरकोळ निघाला आणि त्यात फरक सापडला नाही. त्यांच्यातल्या नऊ जणांना तर लॅक्टोज व्यवस्थित पचत होतं.

म्हणजे सगळा मनाचाच खेळ, असं दुसरा पक्ष लगेच म्हणेल. तेही टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांना बेअर्नेझ सॉस घातलेलं मांस खाल्ल्यावर वांत्या झाल्या. कारण फ्लू होतं. तेच जेवलेल्या पत्नीला काहीही झालं नव्हतं. हे पुरतं समजूनही त्यांना तो सॉस नकोसा झाला. समजूत घालून जी जात नाही तिला नखरा म्हणता येत नाही. चरकसंहितेत छर्दीच्या, म्हणजे वांतीच्या, पाच प्रकारांत नावडत्या गोष्टींच्या संपर्काने होणारी 'द्विष्टार्थसंयोगज' छर्दी वेगळी मांडली आहे, आणि तिला ढोंग मानलेलं नाही. २०२१ साली बेल्जियममधल्या लूव्हेनच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये आणखी पुढची गोष्ट दाखवली. आतड्यात जंतुसंसर्ग झाला असताना उंदरांना अंड्यातलं प्रथिन दिलं, तर संसर्ग बरा झाल्यावरही त्या प्रथिनाने त्यांचं पोट दुखू लागलं. इथे आठवण मेंदूत नव्हती, आतड्याच्या अस्तरातल्या प्रतिकारपेशींत होती. ही गोष्ट पहिल्या पक्षाच्या बाजूने जाते, हे मी नाकारत नाही. मात्र इथेही मूळ दोषी संसर्गच होता. प्रथिन फक्त त्या वेळी तिथे हजर होतं.

आपल्याकडे याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण भगरीचं, म्हणजे वरईचं. २० फेब्रुवारी २०२४ रोजी, एकादशीला, बुलढाणा जिल्ह्यातल्या सोमठाण्यात सप्ताहाच्या प्रसादात भगर-आमटी खाऊन शेकडो लोक आजारी पडले; झाडांना दोऱ्या बांधून, त्यांना सलाईनच्या बाटल्या लटकवून उपचार करावे लागले. अशा बातम्या उपवासांच्या दिवसांत पुन्हा पुन्हा येतात. एकदा हे भोगलेल्या माणसाला भगरीच्या वासाने मळमळलं तर त्यात नवल नाही. पण अन्न आणि औषध प्रशासन वर्षानुवर्षं बोट ठेवत आलं आहे ते ओलाव्यात धान्यावर वाढणाऱ्या बुरशीवर आणि तिच्या विषावर. जुना साठा, सुटं पीठ, दमट जागा ही खरी कारणं. वेल्ह्याच्या डोंगरउतारांवर पिकणारी, वाळवून नीट ठेवलेली वरई त्यात निर्दोष आहे, आणि तरी बदनाम होते ती वरईच.

तेव्हा शिसारी खरी मानावी, तिचा निवाडा मात्र तपासून घ्यावा. पदार्थ खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा दम लागला असेल, तर घरी प्रयोग नको, डॉक्टरच गाठावा. तसं काही नसेल तर पोट ठीक असताना, भूक लागलेली असताना, घरचं ताजं घासभर खाऊन पाहावं आणि काही दिवसांनी पुन्हा. सुखरूप गेलेल्या घासांनी शिसारी हळूहळू ओसरते. बळजबरीने भरवलेल्या घासाने ती वाढते. म्हणून वाढणाऱ्यांना एक विनंती: कुणी पानावर हात आडवा धरला तर आग्रह करू नका, आणि सकाळचा भात संध्याकाळच्या पंगतीला वाढू नका.