निरोप पोचण्याआधी

डोळे फाडून पाहू नका, काही दिसणार नाही. तुम्ही ‘बार्नार्ड 68’ या काळ्या ढगाच्या ऐन पोटात आहात. भुजंगधारी तारकासमूहात, घरापासून सुमारे 500 प्रकाशवर्षांवर. खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड बार्नार्ड यांनी अशा काळ्या डागांची यादी केली, तिच्यातला हा एक. पृथ्वीवरून तो आकाशाला पडलेलं भोक वाटतो. भोक कसलं, मागचे तारे धुळीने झाकले आहेत, इतकंच.

तापमान उणे 260 अंशांच्या आसपास. दर घन सेंटिमीटरला दोनेक लाख रेणू, बहुतेक हायड्रोजनचे. गर्दी वाटली? तुम्ही सोडून आलात त्या हवेत तेवढ्याच जागेत 25 वर 18 शून्यं इतके असतात. पण हा विरळ पसारा अर्ध्या प्रकाशवर्षाचा आहे आणि सगळा मिळून भरतो दोनेक सूर्यांइतका. एवढं वजन स्वतःला आत ओढणारच. रेणूंची धावपळ, म्हणजेच दाब, त्याला बाहेर रेटते. थंडीमुळे ही धावपळ बेताचीच.

आता घड्याळ पळवा, सेकंदाला हजार वर्षं. ढगाचा काठ कुठे आत येतोय, कुठे बाहेर जातोय. ढग चक्क धडधडतोय! ही कल्पना नाही. वायूतल्या रेणूंच्या वर्णपटरेषांमधून खगोलशास्त्रज्ञांनी ही हालचाल टिपली आहे.

दाबाची खरी अडचण वेगाची आहे. मध्यभागी वायू दाटला, हा निरोप दाब ध्वनीच्या वेगानेच पाठवू शकतो आणि इथे तो वेग सेकंदाला जेमतेम 200 मीटर. केंद्रापासून काठापर्यंत निरोप जायला तीनेक लाख वर्षं. कोसळायचंच ठरवलं तर ढगाला दोन लाखही पुष्कळ. जेम्स जीन्स यांनी 1902 मध्ये मांडलेल्या गणिताचं मर्म हेच: ढग पुरेसा मोठा आणि थंड असेल तर निरोप पोचण्याआधीच सगळं उरकलेलं असतं. हा ढग मात्र अगदी कड्यावर उभा आहे. लोटायला कुणीतरी हवं.

तो पाहा, कडेने एक छोटा ढग येऊन धडकतोय. 2009 मध्ये खगोलशास्त्रज्ञ बुर्कर्ट आणि आल्व्हेस यांनी हेच भाकीत केलं होतं. दोनेकशे सेकंदांत मध्यभाग ढासळू लागतो.

दाबलेला वायू तापायला हवा होता. तापत नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि धूळ ती उष्णता अवरक्त किरणांतून बाहेर टाकून मोकळी होतात. घनता हजारपट झाली तरी गारठा तसाच! दाबाच्या पदरी वाढ पडते, पण गुरुत्वाकर्षणाची वाढ त्याच्या पुढे.

घड्याळ आवरा, इथून पुढचं वर्षांत मोजायचं. मध्यभाग इतका दाट होतो की अवरक्त किरणही अडकतात. उष्णता कोंडते, तापमान चढतं आणि पडझड थबकते. दाबाला पहिल्यांदाच बाजी हातात आल्यासारखी वाटते. 2000 अंशांच्या सुमारास हायड्रोजनचे रेणूच फुटू लागतात. येणारी ऊर्जा त्यांना फोडण्यात खर्ची पडते, दाबाच्या वाट्याला फारसं काही उरत नाही आणि गाभा पुन्हा कोसळतो. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सर्वांत निर्दय भाग हाच.

रेणू संपतात, अणूंचे इलेक्ट्रॉनही सुटतात. मगच चिमुकला आदितारा तग धरतो. अजून काही कोटी वर्षं तो हळूहळू आकसत राहील. केंद्र 1 कोटी अंशांवर गेलं की हायड्रोजनचा हेलियम होऊ लागेल आणि सूर्याएवढा तारा जमला असेल, तर दाबाला पुढच्या 10 अब्ज वर्षांची रसद मिळेल.