मातृहीन वाघपिलांचे संगोपन : जंगलात परतण्याची दीर्घ तयारी

जबलपूर : आईविना सापडलेले वाघाचे पिलू जगविणे कठीण असतेच, परंतु ज्या माणसाने ते जगविले, त्याच माणसापासून दूर राहण्यास त्याला शिकविणे अधिक कठीण असते. मध्य प्रदेशातील कान्हा व्याघ्र प्रकल्पात घोरेला येथे अशा पिलांसाठी कुंपणबंद वनक्षेत्र राखलेले आहे. राज्यातील वन्यप्राण्यांच्या रोगनिदानाचे काम जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुवैद्यक विज्ञान विद्यापीठातील तज्ज्ञ करतात.

प्राथमिक संगोपन

एकटे दिसलेले प्रत्येक पिलू अनाथ नसते. शिकारीसाठी गेलेली वाघीण परत येण्याची शक्यता असल्याने प्रथम आई व पिलाची भेट घडविण्याचा प्रयत्न केला जातो. तो निष्फळ ठरल्यासच पिलू ताब्यात घेतले जाते. त्याला आधी ऊब आणि मग पूरक दूध दिले जाते. दूध श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून पिलाला पोटावर ठेवून पाजतात. वाघीण चाटून जे करते, ते कोमट ओल्या कापडाने पुसून करावे लागते. त्याशिवाय अगदी लहान पिलांना मलमूत्रविसर्जन होत नाही. पुढे टप्प्याटप्प्याने मांस सुरू केले जाते.

पन्नास शिकारींची अट

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीनुसार, मुक्त करावयाचे पिलू बंदिस्त क्षेत्रात किमान दोन वर्षे वाढविलेले असावे लागते आणि त्या काळात त्याने किमान ५० यशस्वी शिकारी केलेल्या असाव्या लागतात. या काळात माणसाचा वावर कमीत कमी ठेवला जातो. माणूस म्हणजे अन्न, अशी सांगड पिलाच्या मनात बसल्यास ते पुढे वस्तीकडे वळण्याचा धोका असतो. ज्या वाघाला मुक्त करणे शक्य नसते, त्याला आयुष्यभर बंदिवासात ठेवावे लागते.

पन्ना आणि पेंच

२००९ पर्यंत पन्ना व्याघ्र प्रकल्पातील सर्व वाघ नष्ट झाले होते. पुनर्वसनासाठी कान्हा येथे लहानपणी आई गमावलेल्या व कुंपणात वाढलेल्या दोन बहिणी, टी-४ आणि टी-५, यांना २०११ मध्ये पन्नाच्या जंगलात सोडण्यात आले. टी-४ने त्याच वर्षाच्या अखेरीस पिलांना जन्म दिला. माणसाने वाढविलेली वाघीण जंगलात स्वतंत्रपणे जगू शकते आणि वंशही वाढवू शकते, हे त्यातून दिसून आले.

मात्र यशाची खात्री नसते. महाराष्ट्रातील चंद्रपूर जिल्ह्यात मातृहीन अवस्थेत सापडलेली एक वाघीण २०१४ मध्ये पेंचच्या जंगलात सोडण्यात आली. काही आठवड्यांतच तिचा मृत्यू झाला. कुंपणात शिकार साधता येते. परंतु अनोळखी प्रदेशात स्वतःची हद्द राखण्याचा सराव तेथे होत नाही.

बोर्निओतील समांतर प्रयत्न

मलेशियातील सबाह राज्यात सेपिलोक येथे १९६४ पासून अनाथ ओरांगउटान पिलांचे पुनर्वसन केले जाते. वाघाचे पिलू आईसोबत सुमारे दोन वर्षे राहते, तर ओरांगउटानचे पिलू सहा ते आठ वर्षे. त्यामुळे झाडावर चढणे, फळे ओळखणे आणि घरटे बांधणे शिकविण्यास तेथे कितीतरी अधिक काळ द्यावा लागतो. दोन्ही ठिकाणी कसोटी मात्र सारखीच आहे : मुक्त झालेल्या प्राण्याला माणसाची गरज उरता कामा नये.